फुली मारलेलं कपाट

सुनेने ऑनलाइन कपाट मागवलं. खोक्यातून फळ्या, स्क्रू आणि नुसत्या चित्रांचा कागद निघाला. "जोडणारा माणूस येईल," ती म्हणाली. मी म्हटलं, "माणूस कशाला? संध्याकाळी येशील तेव्हा कपाट उभं असेल." दुपारी कपाट उभं राहिलं, पण दार काही लागेना.

तेवढ्यात कंपनीचा माणूस तुळिंजहून आलाच. चाळिशीचा, कानावर पेन्सिल. चपला काढून त्याने आधी कपाटावर हात ठेवला, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"काका, कागदावर ज्या चित्रावर फुली आहे, त्याचा अर्थ असं जोडू नका. तुम्ही नेमकं तसंच जोडलंत."

"मतपत्रिकेवर इतकी वर्षं फुलीचा शिक्का मारलाय मी. ज्याच्यावर फुली, तोच आपला!"

तो हसला नाही. "मग तुमचं मत बरोबर होतं काका. उमेदवारच वाईट निघाला."

त्याने सगळं खोलून पुन्हा जोडलं. शेवटचा स्क्रू मात्र माझ्याकडून पिळून घेतला. तो हत्यारं पिशवीत भरत असताना सून आली.

"कोणी जोडलं?"

"काकांनी. मी नुसतं बघायला आलो होतो."

त्याचं नाव विचारायचं राहिलं. पाहुण्यांना मी अजून सांगतो, कपाट मीच जोडलंय. फक्त सांगताना आवाज पूर्वीसारखा चढत नाही.