निनादच्या वाट्याचे चार शब्द

“हॅना अजून तयार नाही,” टॉम म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

टॉम माझा बॉस. नॉर्थ कॅरोलायनात क्वेकर नावाच्या शांतताप्रिय ख्रिस्ती पंथाची एक शाळा आहे, तिथे मी माजी विद्यार्थ्यांचं काम बघते. आमच्या दारावर ‘ॲडव्हान्समेंट’ अशी भारदस्त पाटी आहे. खरं काम दोनच: जुन्या मुलांना शाळेशी जोडून ठेवायचं आणि जोडलेल्यांकडे देणगी मागायची. दुसरं काम पहिल्यावाचून होत नाही, हे टॉमला कधीकधी आठवण करून द्यावं लागतं.

हॅना म्हणजे तिच्या बॅचची क्लास एजंट, वर्गमित्रांना फोन करून गोळा करणारी. तिच्या बॅचचं दहा वर्षांचं रीयुनियन पुढच्या वसंतात होतं. शिवाय अख्ख्या वर्गाने मिळून शाळेला एक भेट द्यायची असते, ती ठरायची होती. तारीख सगळ्यांना मान्य, जेवणाचा मेनू मान्य. हॅना मात्र झूमवर शांतपणे म्हणाली, “निनादला बोलावलं नसेल तर माझं मन तयार होत नाही.”

संपलं. क्वेकर लोक मतदान करत नाहीत. सगळ्यांचं मन एका जागी येईपर्यंत थांबतात, आणि एकाचं जरी आलं नाही तरी विषय पुढच्या बैठकीत. आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात हात वर करून झटकन निर्णय होतो आणि मग वर्षभर भांडणं चालतात. सुरुवातीला मला क्वेकरांच्या पद्धतीचा वैताग यायचा. आता वाटतं, हे लोक भांडणं आधीच उरकून घेतात.

हा निनाद आमच्या कॉम्प्युटरमध्ये ‘नॉन-ग्रॅड’ होता. तिसरीपासून आमच्याकडे शिकला आणि अकरावीत अर्ध्यातून शाळा सोडून गेला. जो इथून ग्रॅज्युएट झाला तोच ॲलम, म्हणजे माजी विद्यार्थी, असा शाळेचा नियम. त्यामुळे त्याला आमंत्रण कधी गेलंच नव्हतं.

“आठ वर्षं तो माझ्या बाकावर बसायचा,” हॅना म्हणाली. “एका सोमवारी आलाच नाही. बाय पण म्हणाला नाही. मला फक्त विचारायचंय, का?”

मी शोध घेतला. आईवडिलांबरोबर तो नाशिकला गेला होता, नंतर एमएस करायला परत आला आणि आता शिकागोजवळ शॉमबर्गला नोकरी करत होता. मी छानशी ईमेल लिहिली. एका ओळीचं उत्तर आलं: ‘मी तुमचा ॲलम नाही. कृपया लिस्टमधून माझं नाव काढा.’

असं उत्तर आलं की नाव काढायचं आणि आभार मानायचे, ही आमच्या धंद्याची रीत. माझ्या जागी दुसरं कुणीही असतं तर तेवढंच केलं असतं. मी त्याच्या आईला फोन केला.

नंबर मिळणं अवघड नव्हतं. मॉरिसव्हिलमध्ये कुठल्याही मराठी घरात दुसऱ्या कुठल्याही मराठी घराचा नंबर असतो, मग ते घर नाशिकला परत का गेलेलं असेना.

निनादची आई, सुनीता, आधी बिचकली. मग बोलतच सुटली.

“मेधाताई, ह्यांची नोकरी गेली आणि व्हिसा त्या नोकरीलाच बांधलेला. मुदतीत दुसरी मिळाली नाही. हे म्हणायचे, कुणाला सांगायचं नाही, मिळाली नोकरी तर उगाच बोभाटा. पोरगा रोज विचारायचा, बाबा, आता तरी सांगू का? शुक्रवारी शाळेतून आला आणि रविवारी आम्ही विमानात.”

मी टॉमला सांगितलं.

“यू कॉल्ड हिज मदर?”

“हो.”

“मेधा, तो अठ्ठावीस वर्षांचा आहे!”

“ते त्याच्या आईला कुठे माहितीये?”

टॉमने चष्मा काढून टेबलावर ठेवला. पाणउतारा करायचा असला की तो असं करतो, आणि क्वेकर शाळेत असल्यामुळे पुढे काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी निनादचाच फोन आला.

“काकू, विथ रिस्पेक्ट, हे टोटली अनप्रोफेशनल आहे. तुम्ही माझ्या आईला कॉल केलात? ती रात्रभर रडलीये.”

इतक्या रागातही ‘काकू’ म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तू म्हणतोस ते बरोबर आहे. चुकलं माझं.”

“डोनेशन हवंय का तुम्हाला?”

“ते सगळ्यांकडूनच हवं असतं,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं? “पण हा फोन त्यासाठी नव्हता. हॅना तुझ्यावाचून पुढे जायला तयार नाही.”

“हॅनानी मला कधी एक मेलसुद्धा केला नाही.”

“तिने केले. सगळे परत आले. तुझं शाळेचं अकाउंट बंद झालं होतं.”

मुलाचं नाव पटावरून कमी झालं की ईमेल बंद होते. ती आम्हीच बंद केली होती, त्याच सोमवारी. आणि सोशल मीडियावर निनादने लाजेपोटी स्वतःहून सगळ्यांना काढून टाकलं होतं. दोन्ही बाजूंनी वाट बंद, आणि दोघांनाही वाटलं की समोरच्याने बंद केली.

“मी ग्रॅज्युएशनचा लाइव्हस्ट्रीम बघितला होता,” तो एकदम म्हणाला. “नाशिकहून.”

तो काय सांगतोय ते मला लगेच कळलं. आमच्या ग्रॅज्युएशनला कुणी बडा पाहुणा नसतो. एकेका मुलासाठी एक शिक्षक उभा राहतो आणि त्या मुलाबद्दल चार शब्द बोलतो. मार्कांबद्दल नाही, माणूस म्हणून तो कसा आहे त्याबद्दल. पोरं बाकी सगळं विसरतात, ते चार शब्द विसरत नाहीत.

“आडनावाच्या ऑर्डरने होतं ना,” निनाद म्हणाला. “माझ्या आधीची मुलगी झाली. मग डायरेक्ट माझ्या नंतरचा मुलगा. मध्ये काहीच नाही. ऑब्व्हियसली. मला माहीत होतं. तरी मी ऐकत बसलो होतो, यार.”

इतकी वर्षं मी लोकांकडे मागत आले होते. आम्हीच कुणाचं देणं लागतो, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्याला विचारून मी हे हॅनाच्या कमिटीला सांगितलं. त्या बैठकीत निनादला बोलावण्यावर सगळ्यांचं मन एका जागी यायला वेळ लागला नाही. हॅनाने त्याला त्याच दिवशी फोन केला. काय बोलले ते मी विचारलं नाही. एका अनुभवातून एवढं शिकले होते.

निनाद यायला कबूल झाला, पण एका अटीवर: “मला काही बोलायला लावू नका.” तो येणार हे त्याने स्वतःच आईला सांगितलं असावं, कारण सुनीताचा मला मेसेज आला: ‘ताई, फोनवर ऐकता येईल का?’

आता पंचाईत. रीयुनियन शाळेच्या मीटिंग हाउसमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या खोलीत, सुरू होतं आणि तिथे फोन नेत नाहीत. तिथे पाद्री नाही, भजन नाही. सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. मीटिंगचं काम बघणाऱ्या वयस्कर गृहस्थांना मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला. “येऊ दे त्यांना,” ते म्हणाले. “आपल्यासारखंच गप्प बसायचं म्हणावं.”

रीयुनियनच्या सकाळी निनाद आला. हॅनाशेजारी, जुन्याच बाकावर बसला. आईला फोन लावून स्पीकर चालू केला, तिला तिकडून म्यूट करायला सांगितलं आणि फोन बाकावर ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग मार्गारेट उठल्या. केमिस्ट्रीच्या निवृत्त शिक्षिका. हातात कागद नव्हता.

“निनाद लॅबमध्ये सगळ्यांच्या नंतर थांबायचा,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यांनी तशाच टाकलेल्या टेस्ट ट्यूब धुवायचा. मी विचारलं, तू का? म्हणाला, उद्या सकाळी ज्याला मिळतील त्याला बरं वाटेल. त्याच्या नावाच्या ठिकाणी मी हे बोलणार होते. उशीर झाला.” आणि खाली बसल्या.

निनादने मान खाली घातली होती. पुन्हा शांतता.

आणि त्या शांततेत कुकरची शिट्टी झाली.

नाशिकला तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ होती. तिकडचं म्यूट केव्हा निघालं कोण जाणे. “अगं, गॅस बंद कर!” असा एका पुरुषाचा आवाज आला. चारदोन जण हसले. निनादने घाईने फोन उचलला. फोन बंद होणार इतक्यात तोच आवाज इंग्रजीत, थांबत थांबत बोलू लागला.

“एक्सक्यूज मी. मी निनादचा बाबा. त्याला तुम्हा सगळ्यांना सांगून यायचं होतं. मीच सांगू दिलं नाही. मला लाज वाटत होती. त्याचा काही दोष नव्हता. थँक यू.”

मीटिंगमध्ये कुणी कुणाला उत्तर देत नाही, टाळ्याही वाजवत नाहीत. निनादने फोन मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून रडला. हॅना सरकून त्याला चिकटून बसली. फोन बंद कर असं त्याला कुणी म्हणालं नाही.

वर्गाची भेट त्याच दुपारी ठरली. आता कुठलंही मूल शाळा अर्ध्यातून सोडणार असेल तर त्याच्या शेवटच्या मीटिंगमध्ये एक शिक्षक उठतो आणि त्याच्याबद्दलचे चार शब्द तेव्हाच बोलतो. त्याची ईमेलही लगेच बंद होत नाही. आणि आमच्या बाकावर बसलेला प्रत्येक जण ॲलम, हा बदलही शाळेच्या कमिटीने केला, अर्थात त्यांच्या गतीने.

“ही भेट रिपोर्टमध्ये कशी दाखवू?” टॉमने विचारलं.

“शून्य डॉलर लिही.”

त्याने लिहिलं. शिवाय ऑफिसच्या नियमांत एक कलम वाढवलं: सज्ञान माजी विद्यार्थ्यांच्या पालकांशी परस्पर संपर्क साधू नये. मसुदा मलाच करायला लावला. नियम योग्य आहे आणि मी तो पाळते.

निनाद आता हॅनाबरोबर क्लास एजंट आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. त्यांच्या वर्गातला एक मराठी मुलगा कुणालाच उत्तर देत नव्हता.

“मेसेज करून बघ,” मी म्हणाले.

“केले. नो रिप्लाय.” मग जरा घुटमळला. “काकू, तुमच्याकडे त्याच्या आईचा नंबर असेल ना?”