कुसुमताईंची रोजची हरतालिका

"मॅम, ये लास्ट स्टेज ही है ना? आप बस बोल दीजिए, मैं आज बुकिंग कर देता हूँ."

बोलणारा नितीन आईसाठी बेंगळुरूहून आला होता. तिकडे एक केअर होम त्याने बघून ठेवलं होतं. त्याची आई, कुसुमताई, माझ्यासमोर खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या. रेल्वेतून रिटायर झालेले वडील वसंतराव त्यांचा पदर सारखा करत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

मी रायपुरात न्यूरोलॉजिस्ट आहे. नातेवाईक डिमेन्शियाचं भविष्य विचारतात तेव्हा माझं डोकं फिरतं. मी काय ज्योतिषी आहे? त्यातून या कुसुमताई मागच्या खेपेला स्वतः चालत आल्या होत्या, "पोरी, जेवलीस का?" असं विचारून गेल्या होत्या. आज नवऱ्यालाही ओळखत नव्हत्या. मला वाईट वाटलं.

"मले सांगा मॅडम," वसंतराव म्हणाले, "चार-पाच दिवसांत ही बिमारी एवढी वाढते काय?"

खोलीतला सगळ्यात शहाणा प्रश्न हाच होता. डिमेन्शिया हळूहळू वाढतो. माणूस असा एकाएकी कोसळला, तर बहुधा आणखी काहीतरी बिनसलेलं असतं.

ताप? नाही. पडल्या? नाही. नवी गोळी? तीही नाही.

"पाणी पितात का?"

"उपासात कशी पिणार?" वसंतराव जरा कौतुकानेच म्हणाले. "हरतालिकेचा उपास ना. आमच्याकडे निर्जळी असते."

"हरतालिका कधीच झाली!"

"हव. पण तिले रोजच वाटते का आजच आहे. गिलास दिला का ढकलून देते. रात्री दोन घोट घेते कसेतरी. सारं विसरली, माझ्यासाठीचा उपास तेवढा नाही विसरली. तो काहून मोडू म्हटलं?"

"पापा!" नितीन ओरडला. मी त्याला गप्प केलं आणि लघवीची टेस्ट सांगितली. पाणी कमी पडून झालेलं इन्फेक्शन निघालं. म्हाताऱ्या माणसांत ते बरेचदा तापाशिवायच होतं.

मग दोघांना समजावलं. उदाहरणाला इथल्या पंडरी बाजारातलं कापडाचं दुकान घ्या. गिऱ्हाइकाशी बोलणारे सेल्समन म्हणजे मेंदूच्या मुख्य पेशी. पण घड्या घालणारे, झाडणारे नसतील तर दुकान चालत नाही. मेंदूतल्या अशा मदतनीस पेशींना आम्ही ग्लिया म्हणतो. त्यातल्या काहींचं काम कचरा उचलण्याचं. डिमेन्शियात कचरा साचून त्या आधीच वैतागलेल्या असतात. शरीरात कुठेही इन्फेक्शन झालं की त्याची खबर त्यांच्यापर्यंत पोचते. मग त्या आणखी भडकतात आणि कचऱ्याबरोबर चांगले तागेही फेकू लागतात. असं झालं की आजार पुढे सरकू शकतो.

"म्हणजे मीच केलं हे?" वसंतरावांनी विचारलं.

"डिमेन्शिया तुम्ही केला नाही. पण आता पाणी थांबवायचं नाही."

नितीनला म्हटलं, "बुकिंग राहू दे. इन्फेक्शन उतरल्याशिवाय मी स्टेज सांगणार नाही."

कुसुमताईंना दाखल केलं, सलाइन लागलं, अँटिबायोटिक सुरू झालं. काही दिवसांनी राउंडला गेले, तर कुसुमताई उठून बसल्या होत्या आणि नवऱ्याच्या हातातला ग्लास ढकलत होत्या.

"आज माझा उपास आहे."

"सुटला तुझा उपास. हा काय मी समोर बसून राहिलो, धडधाकट. पी."

त्यांनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं आणि त्या अर्धा ग्लास प्यायल्या. उरलेला नितीनने पुढे केला. "आई, और थोडा," म्हणाला आणि त्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी गेल्या. केअर होम रद्द झालं. पूर्वी चहा स्वतः करायच्या, ते मात्र परत आलं नाही. काही तागे गेले ते गेलेच.

तेव्हापासून कुणाचा डिमेन्शिया अचानक वाढला म्हटलं की मी स्मरणशक्तीच्या आधी पाण्याची चौकशी करते. परवा वसंतराव फॉलो-अपला आले, तेव्हाही केली.

"पिते ना," ते म्हणाले. "रोज सकाळी सांगतो तिले, हरतालिका काल झाली, आज उपास सोडाचा आहे."