डोळे मिटून पडा

नवऱ्याला बेशुद्धीचं नाटक करायला शिकवणारी बाई मी, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा मी पासष्टीची, म्हणजे अगदीच कोवळी. अक्कलदाढ आलेली, अक्कल वाटेत.

हे न्यूमोनियानं इथे कुवेतच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागात होते. घशातली नळी आदल्याच दिवशी निघालेली, नाकाला ऑक्सिजन, आणि बघते तर दोन नर्स ह्यांना उचलून खुर्चीत बसवतायत! उद्या म्हणे चालवणार. मी डॉक्टरांना गाठलं. ते हिंदीतून समजावू लागले, पूर्वी आम्हीही पेशंटला झोपवूनच ठेवायचो; आता संशोधनात दिसलंय, पडून राहिलं की ताकद झपाट्यानं जाते.

संशोधन! म्हणजे प्रयोग चाललाय, आणि उंदीर आमचे हे. नाहीतर कुणा बड्याला खाट हवी असणार. नर्स आपसात मल्याळममध्ये बोलायच्या, म्हणजे नक्कीच काहीतरी लपवत होत्या. मुलगा म्हणाला, "आई, विश्वास ठेव गं." मला त्याचाही संशय आला. आजाऱ्याला कुणी उठवतं? सासूबाईंनी बाळंतपणात मला सव्वा महिना खाटेवरून उतरू दिलं नव्हतं. उतरले तेव्हा पाय लटपटले, तो दोष मी बाळाला दिला.

मराठी तिथे कुणाला कळत नाही, म्हणून मी खुशाल मोठ्यानं सांगितलं, "डोळे मिटून पडा. हात दाबा म्हणाले तरी दाबायचा नाही. हललात की चालवतील."

जन्मभर माझं एक न ऐकलेला माणूस नेमका तेव्हा ऐकून बसला. दिवसभर डोळे मिटून पडले, नर्सना वाटलं दमून झोपलेत.

संध्याकाळी डॉक्टरांनी हाका मारल्या, चिमटा काढला. हे ढिम्म. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मेंदूत काही झालं असेल म्हणत त्यांनी खाट स्कॅनकडे पिटाळली. मी मागे धावतेय, पण खरं सांगायला तोंड उघडेना. कारण आता मलाच संशय, हे नाटक करतायत की खरंच...

"अहो, पुरे झालं, उघडा ना डोळे," मी दारातच रडू लागले.

ह्यांनी एक डोळा किलकिला केला. "डॉक्टर गेले?"

मशीनजवळची टेक्निशियन मुलगी खुदकन हसली. निघाली मालवणची! मी तिला सगळं सांगून टाकलं. ह्यांच्या छातीपाशी वाकली मात्र, आणि तिचं हसू गेलं.

"काकू, डॉक्टरांना आत्ता सगळं खरं सांगा. दिवसभर आडवे ठेवलेत ना, छातीत कफ घुरघुरतोय, मला इथवर ऐकू येतोय. ओरडा तुम्ही खा, पण काकांना बसवा."