बाईंनी उघडलेला कॉम्प्युटर

"इकडे बघून बोला," असं त्या म्हणायच्या. आवाज चढवायच्या नाहीत, पण समोरच्याची मान आपोआप वळायची. बँकेतला कॅशियर असो, संस्थेचे सेक्रेटरी असोत, बोलणं बाईंशी आणि नजर दुसऱ्याच कोणाकडे, हे त्यांना खपायचं नाही. तुम्हीही कधी लक्ष देऊन बघा. बाई आणि पुरुष एकत्र कुठल्या काउंटरवर गेले की पैसे कोणीही देवो, उत्तर पुरुषालाच मिळतं.

आम्ही नाशिकरोडच्या एका शाळेत बरोबर शिकवायचो. मी विज्ञान, त्या पी.टी. तरुणपणी त्या खो-खो खेळलेल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शाळेत लागलो तेव्हा पदर खोचून मुलींच्या पुढे पळणाऱ्या या बाई बघून मी दचकलोच होतो. मुली दमायच्या, बाई दमायच्या नाहीत.

मग एका सरावात खांबाला वळसा घालताना त्यांचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर राउंडला आले होते. बाई पलंगावर पूर्ण शुद्धीत होत्या आणि डॉक्टर त्यांच्या यजमानांना सांगत होते, "यांना आता पळणं बंद. जिना कमी." यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, अबोल माणूस. ते मान हलवत राहिले. बाईंनी दोनदा विचारलं, "आत नेमकं काय केलंत?" डॉक्टर यजमानांकडे बघून हसले आणि म्हणाले, "त्यांना म्हणावं, काळजी करू नका."

"इकडे बघून बोला" मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. डॉक्टर तोवर दारापाशी पोचले होते.

शाळेनेही तेच केलं. बाई रजेवरून परतल्या तर मैदानावर नवे सर आलेले, आणि बाईंचं टेबल ऑफिसात, शाळा सोडल्याचे दाखले लिहायला. जिच्या हाताखालून इतक्या मुली जिल्ह्याच्या संघात गेल्या, तिला मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून शिकवता आलं नसतं का? पण तिला विचारलंच नाही कोणी. मला आजही ते आठवलं की घास कडू होतो.

ऑफिसाला लागून शाळेची नवी कॉम्प्युटर लॅब होती. त्यातल्या एका मशीनवर कोणीतरी गाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकून ठेवला होता. मधल्या सुट्टीत डबा खाऊन बाई तिथे जाऊन बसायला लागल्या. एकदा मी डोकावलो, तर वळण आलं की बाई खुर्चीत अख्ख्या कलत होत्या, आणि त्यांचा तो न वाकणारा पाय टेबलाखाली जमीन रेटत होता.

"सर, हसू नका," त्या म्हणाल्या. "तोंडावर वारा लागल्यासारखं वाटतं."

मी हसत नव्हतो. स्टाफरूम मात्र हसली. "बाई, या वयात?" असं कोणी ना कोणी रोज विचारायचं. वय पन्नासच्या आतलं. त्याच स्टाफरूममध्ये साठीला टेकलेले दोघे जण तास बुडवून बुद्धिबळ खेळायचे, त्यांना कोणी वय विचारत नव्हतं. शेवटी हेडमास्तरांनी शिस्तीच्या नावाखाली तो गेम काढून टाकायला लावला.

त्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, "मी घरीच कॉम्प्युटर घेते. खास गेमचा."

आता प्रश्न आला, तयार घ्यायचा की सुटे भाग आणून जुळवायचा. बाईंचे दीर अंबडला एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी निकाल देऊन टाकला. "वहिनी, तयारच घ्या. जुळवलेला म्हणजे भेळ. उद्या बिघडला तर कोणाच्या दारात जाणार?" यात चूक काही नव्हतं. बाईंनाही ते पटलं.

नाशिकला शालिमारजवळच्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो, बाई, यजमान आणि मी. दुकानदाराने बाईंना विचारलं, "मुलगा कितवीला आहे?"

"मुलगा नाही. मला खेळायचंय."

तो माझ्याकडे बघून हसला, आणि पुढचं सगळं माझ्याशीच बोलला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाईंनी त्याला दोनदा आपल्याकडे वळवलं, दोन्ही वेळा तो परत माझ्याकडे फिरला. समोर एक काळा डबा होता, पुढे निळा दिवा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'गेमिंग'. "आत वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, सर. चित्र पळवायचं काम त्याचं. ते आहे म्हणून तर हा गेमिंगचा." बाईंनी तो घेतला.

घरी आणल्यावर निळा दिवा लखलखीत लागला. गाडी मात्र बैल अडावा तशी अडायची. चार हात जायची, थांबायची, पुन्हा हिसका देऊन चालायची. बाईंनी दुकानात फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्हाला सवय नसेल. घरात कोणी जेंट्स असतील तर त्यांना द्या फोन."

बाईंनी फोन ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला. डब्याच्या मागे एक चिकटपट्टी होती, ती फाटली की वॉरंटी संपली. यजमान हळूच म्हणाले, "अगं, सील आहे ते."

"आत काय आहे तेच माहीत नाही, मग वॉरंटी कशाची?"

त्यांनी मला बोलावून घेतलं. डब्याचं झाकण पलंगावर पडलं होतं. कार्ड बसवायची लांबट खाच आत होती, आणि ती रिकामी होती. बाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्या खाचेवरून नुसतं बोट फिरवलं.

"रिकामं आहे, सर," त्या म्हणाल्या. "विचारलं की सांगतात सगळं आहे. उघडलं की रिकामं."

दुसऱ्या दिवशी डबा रिक्षात घालून आम्ही पुन्हा दुकानात. दुकानदाराने आधी पट्टी बघितली. "सील तुटलंय. आता आमची जबाबदारी नाही. सर, तुम्ही तरी समजवा यांना."

"इकडे बघून बोला," बाई म्हणाल्या. "घेणारी मी आहे. उघडणारी मी आहे. खाच रिकामी का आहे?"

"मॅडम, टेक्निकल असतं ते."

बाईंनी काउंटरसमोरचं स्टूल ओढलं, दुखरा पाय लांब केला आणि त्या बसल्या. गिऱ्हाईक आलं की त्या शांतपणे सांगायच्या, "घ्या, पण आधी उघडून दाखवायला सांगा. माझा हा असा निघाला." एवढंच. मैदानावर त्या मुलींना नियम सांगायच्या त्याच सुरात. एका बापलेकीने खरंच डबा उघडायला सांगितला. दुकानदार म्हणाला नंतर या, आणि ते गेले ते परत आलेच नाहीत. संध्याकाळी त्याने कॉम्प्युटर परत घेतला, बडबडत चेक लिहिला आणि तो माझ्यापुढे धरला. मी हात खिशातच ठेवले. बराच वेळ तो चेक तसाच हवेत राहिला. मग त्याला तो बाईंकडे वळवावा लागला.

दिरांनी लगेच एका मोठ्या कंपनीचं माहितीपत्रक आणलं. "चूक दुकानाची होती वहिनी, तयार घेण्याची नव्हे."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण माझा गुडघा कोणीतरी उघडला, बंद केला, आणि आत काय आहे ते मला सोडून सगळ्यांना माहीत. घरात आणखी एक तशी वस्तू मला नको. ही मी माझ्या हाताने जुळवणार."

दिरांनी माहितीपत्रकाची घडी करून खिशात घातली. यजमान खिडकीबाहेर बघत राहिले.

मग पुढचे कितीतरी रविवार बाईंनी दुकानं पालथी घातली. एकेक भाग खोक्यातून काढून, हातात घेऊन, हा काय करतो ते कळेपर्यंत विचारून मगच आणला. पुष्कळांनी उडवून लावलं, एकदोघांनी नीट सांगितलं. शेवटी एका सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. मी इंग्रजी पुस्तिका वाचत होतो, यजमान बॅटरीचा उजेड धरून उभे. प्रोसेसर बसवताना बाईंच्या कपाळावर घाम आला होता. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच.

मला वाटलं, संपलं. बाईंनी बटण बंद केलं, आणि जोडलेला एकेक भाग पुन्हा बोटांनी चाचपला. मेमरीची पट्टी एका बाजूने वर राहिली होती. अंगठ्याने दाबली, टक् आवाज आला. या वेळी पडद्यावर अक्षरं उमटली. यजमान बॅटरी विझवायची विसरून तसेच उभे राहिले.

त्या कॉम्प्युटरवर बाईंनी कितीतरी वर्षं गाडी पळवली. काही बिघडलं की स्वतः उघडायच्या, स्वतः दुरुस्त करायच्या. निवृत्त झाल्यावरही मी गेलो की चहा यजमानांनी करायचा, कारण बाईंची शर्यत चालू असायची. मग एका हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या.

शाळेने शोकसभा घेतली. नवे हेडमास्तर, त्यांनी बाईंना फारसं पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी कागदावरून वाचलं: आदर्श शिक्षिका, आदर्श गृहिणी, फावल्या वेळात वाचन आणि भक्तिगीतांची आवड. हे कोणी लिहून दिलं होतं कोण जाणे. ती माझ्या माहितीतली कोणतीही बाई असू शकली असती. माझी कानशिलं तापली. मी उठणार, एवढ्यात पुढच्या रांगेत यजमान उभे राहिले. आयुष्यात चार माणसांसमोर न बोललेला माणूस. हातातली पिशवी त्यांनी आपल्या खुर्चीवर ठेवली.

"तिला भक्तिगीतं आवडत नव्हती," ते म्हणाले. "ती गाडी पळवायची. फार जोरात पळवायची."

सभागृहात कोणी तरी खाकरलं. मागच्या रांगेत दबकं हसू आलं. हेडमास्तर "हो, हो, तेही होतंच" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. यजमान उभेच होते. मी माझी जागा सोडली, पुढे गेलो, त्यांच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि ती मांडीवर घेऊन शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसलो. तेव्हा कुठे ते बसले.