राहू दे: एका म्हाताऱ्या गाडीला घेऊन मानोरा, शेलूबाजार, शिरपूर

गॅरेजवाल्याने आकडा कागदावर लिहिला आणि कागद पालथा घालून माझ्याकडे सरकवला. इंजिन, क्लच, पुढचे शॉकअप मिळून पासष्ट हजार. आणि एकोणीस वर्षांची ही गाडी विकायला काढली तर चाळीस तरी येतील की नाही, शंकाच. शिवाय पुढच्या वर्षी परत पासिंग. विलास, म्हणजे माझा नवरा, म्हणाला की यात विचार करण्यासारखं आहेच काय, भंगारात दे. मला त्याचा राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

पण गाडी माझ्या बाबांची. बाबा मानोऱ्याला ढोरांचे डॉक्टर होते. नोकरीची शेवटची वर्षं याच गाडीने ते आसपासचे बंजारा तांडे फिरले. मोतीबिंदूनंतर चावी माझ्या हातात देऊन ते आईसोबत शिरपूर जैनला राहायला गेले. त्यांना न विचारता गाडी भंगारात घालणं मला जमणार नव्हतं, आणि फोनवर विचारायची हिंमत नव्हती. म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी डिकीत दोन लिटर जादा ऑईल टाकलं आणि यवतमाळहून एकटीच निघाले. विलास म्हणाला, बंद पडली तर ओढून आणायला टोचनवाल्याचा नंबर घेऊन ठेव.

ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी: दारव्ह्यापर्यंत रस्ता चांगला आहे, मानोऱ्याच्या बाजूला मधेमधे उखडलेला आहे. घाई करू नका. दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकलेली असते, कपाशीची दुसरी वेचणी चालू असते, आणि सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. मानोऱ्यात स्टँडजवळ तर्रीपोहे खाल्ले, वीस रुपये प्लेट, वर तर्री मागाल तितकी. माझी गाडी मात्र मागे निळा धूर सोडत चालली होती. एका मोटारसायकलवाल्याने ओलांडून जाताना नाकाला रुमाल लावून माझ्याकडे असं पाहिलं की मी काच वर केली.

लहानपणी सुट्टीत मी बाबांबरोबर फिरायची, तेव्हा त्यांच्याकडे राजदूत मोटारसायकल होती. म्हातारं जनावर आजारी पडलं की शेतकरी हमखास विचारायचा, डॉक्टरसाहेब, याच्यावर खर्च लावू का? बाबा तीन प्रश्न विचारायचे. खाते का? पाणी पेते का? तुमाले पाहून कान हालवते का? तिन्हींना हो आलं तर बॅग उघडायचे. नाही आलं तर जनावराच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणायचे, "राहू द्या." म्हणजे आता सुया टोचू नका, पैसा घालू नका, शांतपणे जाऊ द्या. हे ऐकलं की मी राजदूतजवळ जाऊन उभी राहायची.

मानोऱ्याच्या पुढे एका तांड्यावर हरसिंगकाकांकडे थांबले. हे बाबांचे जुने ओळखीचे. दिवाळीनंतर अर्धा तांडा ऊसतोडीला गेलेला, दारांना कुलपं, मागे म्हातारे आणि शाळेतली पोरं. काकांनी मला ओळखलं नाही, गाडीला ओळखलं. बोनेटवर हात फिरवत म्हणाले, ही तर डागदरची.

चहा होईपर्यंत त्यांनी मला अंगणातला लिंबाखालचा एक खुंटा दाखवला. तिथे त्यांचा पवळ्या बैल बांधलेला असायचा. ही गाडी नवी होती तेव्हाची गोष्ट. बैल म्हातारा, खाणं सोडलेलं, आणि बाजारात घेऊन जायला माणूस दारात येऊन उभा.

"तुह्या बाबानं तपासला," काका म्हणाले, "अन् म्हने, राहू द्या. म्या त्या मानसाले वापस धाडलं. डागदर राहू द्या म्हनते, तं मंग राहू दिला. हातानं चारा भरवला. तीन वरसं जगला पोरी."

मी कपातल्या चहाकडे पाहत राहिले. बाबांनी 'राहू द्या' म्हणताना हात आखडता घ्यायला सांगितला होता. काकांनी ऐकलं, विकू नका, घरी राहू द्या. तीन वर्षं बिनकामाचा बैल पोसला तो एका शब्दाच्या गैरसमजावर, आणि त्यांना अजून पत्ता नाही. नातवंडं त्याच्या पोटाला टेकून बाराखडी म्हणायची, असंही सांगितलं. मी चहा संपवला. निघताना त्यांनी मागच्या सीटवर तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवी ठेवली आणि पैसे विचारले तर रागावले.

मंगरूळपीर ओलांडून दुपारी शेलूबाजारला पोचले. जीपा, मालाचे ट्रक, बाजाराची गर्दी, आणि हायवेच्या कडेला बबनभाऊ मिस्त्रींचं गॅरेज. ही गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हाताखालची. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडलं आणि वर तळहात धरला. आतून धुराचे गरम फुत्कार हातावर येत होते. मलाही हात धरायला लावला. आजारी माणसाचा श्वास लागावा तसं वाटलं आणि मी हात काढून घेतला.

रिंग-पिस्टन गेलेत, इंजिन खोलावंच लागेल, म्हणाले. ते पंचेचाळीस हजारांत करून देणार होते, शॉकअप अजून दोन वर्षं चालतील. मी विचारलं, तुमची स्वतःची असती तर? बबनभाऊंनी हात पुसले.

"मी तं 'करा'च म्हनन ताई, माह्यं तं पोटच हाये त्याच्यावर. माह्यं कायले आयकता? डॉक्टरसाहेबाले इचारा."

मालेगावमार्गे शिरपूरला पोचायला संध्याकाळ झाली. जुन्या जैन मंदिराकडे जाणारे यात्रेकरू रस्त्यात असतात, हॉर्न न वाजवता मागे मागे चालवत राहा. पहिल्यांदा येणाऱ्यांनी मंदिरासाठी सकाळचा वेळ ठेवावा. आईने सोल्यांची भाजी टाकली, त्याच शेंगांच्या हिरव्या दाण्यांची, आणि ज्वारीची भाकर. बाबा गाडीभोवती काठी टेकत दोन फेऱ्या मारून आले होते. जेवताना मी सगळं सांगून टाकलं, आकड्यासकट. त्यांनी हात धुतला, मला बाहेर नेलं आणि गाडीसमोर उभं राहून गंभीर चेहऱ्याने विचारलं, खाते का?

"माझा पगार खाते," मी म्हणाले.

"पाणी पेते का?"

"पाणी नाही. ऑईल पिते."

"तुले पाहून कान हालवते का?"

मी आत बसून चावी फिरवली. या गाडीत एक जुना दोष आहे, चावी फिरवली की डावा वायपर आपोआप एकदा हलतो. तो हलला. बाबा काठी धरून इतके हसले की आई ओट्यावर आली. मीही हसले, आणि हसता हसता रडू यायला लागलं. चार पायऱ्या उतरून येताना त्यांना लागलेली धाप मला दिसली होती. गाडी गेली की बाबांचंही काहीतरी जाईल, ही माझी खरी भीती होती.

मग ओट्यावर बसून त्यांना पवळ्याची गोष्ट सांगितली. वाटलं, चकित होतील. ते म्हणाले, मालूम आहे. महिन्याभराने तिकडून जाताना त्यांना बैल अंगणात उभा दिसला होता, चारा खात.

"त्याले काय सांगू? चूक माही होती. म्या तं हात काढून घेतला होता. त्यानं ठेवला." काठी बाजूला ठेवत म्हणाले, "तवापासून तो शब्द सोडला. जे हाये ते सरळ सांगत गेलो."

गाडीचं काय, ते मात्र बोलले नाहीत. 

सकाळी मंदिरात जाऊन आले, आईने लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून दिली, आणि मी गाडीत बसले. वायपर हलला. बाबा पुढे आले, बोनेटवर हात ठेवला, अगदी पाठीवर ठेवायचे तसाच. खिडकीशी वाकून म्हणाले, "राहू दे."

अठरा वर्षं सोडलेला शब्द. कोणत्या अर्थाने म्हणालात, हे मी विचारलं नाही. शिरपूरपासून शेलूबाजारपर्यंत मी चाळीसच्या वर गेले नाही.

बबनभाऊंकडे चावी दिली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. यवतमाळची बस थेट मिळाली नाही, कारंज्याला बदलावी लागली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढीच बचत. मांडीवर लोणच्याची बरणी आणि खिडकीतून तीच तूर, पण बसच्या उंचीवरून वेगळी दिसत होती.

तुमच्याही दारात अशी गाडी असेल आणि तुम्ही हिशेबासाठी हे वाचत असाल, तर हिशेब विलासचाच खरा आहे. पंचेचाळीस हजार घालून मला चाळीस हजारांची गाडी मिळणार आहे. रोजच्या कामाला आता ती जुंपायची नाही, स्कूटर आहे. महिन्यातून एकदा शिरपूर, आणि बाबांना बसवून एकदा त्या तांड्यावर, बस्स.

घरी पोचले तर विलास अंगणात उभा. माझ्या हातातली बरणी पाहिली, मागे रिकामा रस्ता पाहिला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. गाडी कुठे आहे, त्याने विचारलं.

"राहू दिली," मी म्हणाले.