वन्सं आणि एकटी बसलेली मुलं

आमच्या वन्संइतकी अस्वस्थ बाई उभ्या लालबागात दुसरी नव्हती. माझ्या नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीने लग्न केलं नव्हतं. परळच्या एका शाळेत त्या शिकवायच्या आणि मुलं एकेकटी चांगली शिकतात की मिळून, यावर मानसशास्त्राचा प्रबंध लिहायच्या. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायच्या. कप मग शेजाऱ्यांच्या खिडकीत सापडायचा. दोन माणसं रिकामी दिसली की त्यांना जोडीने काहीतरी शिकायला बसवावं, असं त्यांना होऊन जायचं. एकदा बिघडलेला स्टोव्ह आम्हा नवरा-बायकोपुढे ठेवून म्हणाल्या, मिळून दुरुस्त करा. स्टोव्ह पेटला नाही, भांडण पेटलं. वन्सं दारातून शांतपणे विचारत होत्या, नेमकं कुणाच्या कुठल्या वाक्यावर बिनसलं?

प्रबंधासाठी त्यांनी चाळीतलीच मुलं घेतली. निम्म्यांनी धडा गॅलरीत घोळक्याने शिकायचा. उरलेल्यांनी तोच धडा आपापल्या खोलीत, कुणाशी अक्षर न बोलता. ती बोलू नयेत म्हणून वन्सं सारखे जिने चढायच्या-उतरायच्या. गॅलरीतल्या गलक्याने सासूबाईंना मात्र तो धडा कधीच पाठ झाला होता.

वन्सं मुलांची त्या धड्यावर परीक्षा घेणार होत्या, तिच्या आदल्या दुपारी नाक्यावर गोळीबार झाल्याची बातमी आली. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. तळमजल्यावर एक मुलगी एकटीच वाचत बसली होती. तिला आई नव्हती आणि बाप गिरणीतून यायचा होता. वन्सं दारात दिसताच तिने विचारलं, "बाई, आता तरी बोललं तर चालेल?"

वन्संनी तिचा हात धरला. वाटेतल्या खोल्यांतून एकटी बसवलेली सगळी मुलं गोळा करून आमच्या स्वयंपाकघरात आणली आणि बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून तोच धडा त्यांच्याकडून मोठमोठ्याने म्हणवून घेतला. मधूनमधून जिन्यापर्यंत जाऊन यायच्या. दिवेलागणीला मुलीचा बाप आला, टोपी हरवलेला, पण धडधाकट.

प्रबंध तपासणाऱ्या प्राध्यापकांनी ते सगळं काम बाद ठरवलं. मी म्हटलं, त्या दिवशी काय झालं ते त्यांना सांगा की.

"सांगितलं. ते म्हणाले, मुलांना तसंच बसवायला हवं होतं." मग म्हणाल्या, "वहिनी, त्यांचं बरोबर आहे गं."

पुढे राज्य झालं, मुंबईही मिळाली. वन्संचा प्रबंध राहिला तो राहिलाच. कुणी विचारलं तर म्हणायच्या, एकटं बसवायला मुलंच मिळत नाहीत. चाळ तर मुलांनी नुसती भरलेली होती.