उशिराचं खरं कारण

गणवीरकाका गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी मालवीय नगरच्या ऑफिसात होते. सलग पाच आठवडे मी त्यांना सांगत होते, "काका, ह्या रविवारी नक्की. बाबांना घेऊन येते." आमच्या मुरलीपुऱ्यातून त्यांचं विद्याधर नगरचं घर असं कितीसं लांब! तरी मी गेले नाही... हा लेखही महिना उलटल्यावर लिहिते आहे.

काका मूळचे भंडाऱ्याचे. वडिलांची रेल्वेत बदली झाली म्हणून जयपूरला आले आणि इथेच वकील झाले. कोर्टात फर्डं हिंदी, घरात पाऊल टाकलं की थेट भंडाऱ्याची बोली. माझे बाबाही रेल्वेतले, कारकून. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुरलीपुऱ्यात घर घेतलं, त्यावर मूळ मालकाच्या पुतण्याने दावा लावला आणि खालच्या कोर्टात आम्ही हरलो. अपिलाला तीस दिवस होते. बाबा स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचे. तिसाव्या फुलीला ते ऐटीत कागद घेऊन कोर्टात गेले, तर अकरा दिवस उशीर! किरकोळ रजेत मधले रविवार आणि सण धरायचे नसतात, हे नोकरीभर सगळ्यांना समजावणाऱ्या माणसाने अपिलाची मुदतही तशीच मोजली होती. दिवाळीसुद्धा वगळून.

आता अपीलच ऐकणार नाहीत, म्हणजे घर गेलं, एवढंच आईला कळत होतं. आधीचे वकील म्हणाले, काविळीचं सर्टिफिकेट लावा, सगळे तेच लावतात. ते मिळवून आम्ही गणवीरकाकांकडे गेलो. त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं.

"वासनिकसाहेब, कावीळ झाली होती काय तुम्हाले?"

"नाही."

"मंग काहून लावता? खरं काय झालं ते सांगा."

बाबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. काका अजिबात हसले नाहीत. मला म्हणाले, "बेबी, घरी जाय अन् ते कॅलेंडर घेऊन ये." मी मनातून भयंकर चिडले होते. राहतं घर पणाला लागलं होतं, आणि हे गृहस्थ आमचं हसं करायला निघाले होते.

सुनावणीला समोरचे वकील हसलेच. न्यायाधीशांनी मात्र कॅलेंडर नीट पाहिलं. फुल्यांच्या अधेमधे सिलिंडर आल्याची तारीख होती, आत्याचा वाढदिवस होता.

"इतवार क्यों छोड़ दिए?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हुजूर, छुट्टी में इतवार नहीं गिनते."

"रेलवे में थे?"

"जी. बत्तीस साल."

उशीर माफ झाला. अपील ऐकलं गेलं आणि घर आमच्याकडे राहिलं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "खरं कारण पाठ करावं लागत नाही, बेबी." पुढे मी त्यांना पुष्कळ वर्षं पाहिलं. खोटं कारण घेऊन आलेल्या किती अशिलांना त्यांनी चहा पाजून परत पाठवलं! एवढा सरळ माणूस मला दुसरा भेटला नाही.

परवा एकदाची बाबांना घेऊन काकूंकडे गेले. काकांच्या टेबलामागे त्यांचं स्वतःचं कॅलेंडर त्याच महिन्यावर तसंच होतं. पाच रविवारांत त्यांच्या बारीक अक्षरात "वासनिक व बेबी येणार", आणि प्रत्येकाखाली नंतर लिहिलेली एकेक ओळ. बेबीला ऑफिसचं काम. मुलाची परीक्षा. वासनिकांचे गुडघे. घरी पाहुणे. ऊन फार.

"मी रागावायची," काकू म्हणाल्या. "तर म्हणत, पोरगी उगाच थांबणार नाही, काहीतरी कारण असंल."

कोर्टात एक खोटी ओळ न लिहिणाऱ्या माणसाने माझ्यासाठी पाच कारणं शोधली होती. बाबा चष्मा लावून ती एकेक वाचत होते.

"बेबी, ह्यातलं खरं कोणतं?"

मी मान खाली घातली.

"एकही नाही, बाबा."